आनंदाइट हे रत्न नव्हे, अभ्रक आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कलेचे भाष्यकार आनंद कुमारस्वामी यांच्यावरचा लेख वाचला. कलेविषयीचा भाग मन लावून लिहिलेला आहे. शिल्पांबद्दलचं विवेचन तर मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मात्र शेवटच्या परिच्छेदात, श्रीलंकेतल्या एका दुर्मीळ रत्नाला कुमारस्वामींचं नाव दिलेलं आहे, असं लिहिलं आहे आणि शेजारी निळ्या, पैलू पाडलेल्या खड्याचं चित्र छापलं आहे. हे चुकलं आहे. त्यांच्या नावाचं खनिज आहे हे खरं, पण ते रत्न नाही. त्याचं नाव आनंदाइट. ते अभ्रकाच्या कुळातलं आहे, रंगाने काळं आहे आणि त्यातून उजेड जवळजवळ पलीकडे जात नाही. कठिणतेच्या मोजपट्टीवर ते ३ ते ४ च्या दरम्यान बसतं, म्हणजे साध्या चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो. रोज वापरायच्या अंगठीतल्या खड्याची कठिणता सहसा ७ च्या आसपास किंवा त्याहून जास्त असावी, असं मानतात. तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही माझी पहिली विनंती.

लेखकाचा गोंधळ कुठे झाला असावा, याचा मला अंदाज आहे. कँडीच्या परिसरात १९०२ मध्ये सेरेंडिबाइट नावाचं निळसर खनिज पहिल्यांदा सापडलं आणि ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ प्रायर यांच्यासोबत कुमारस्वामींनीच त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बोरॉन असलेलं हे खनिज खरोखरच अतिशय दुर्मीळ रत्न म्हणून ओळखलं जातं. पण ते त्यांनी जगापुढे आणलेलं खनिज. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेलं खनिज वेगळं. दोन्ही श्रीलंकेतली, दोन्ही त्यांच्याशी जोडलेली, म्हणून सरमिसळ झाली असणार.

एवढ्यावर हे पत्र संपवता आलं असतं. पण नोकरीची सगळी वर्षं मी एका भूशास्त्र विभागात खडकांचे पातळ छेद काढण्यात घालवली आणि आनंदाइटचा एक तुकडा माझ्या हातून गेलेला आहे. रत्न नाही म्हटल्यावर 'मग काय, साधं अभ्रकच ना' असं वाचकांना वाटून जाईल, ते मला सहन होणार नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर बेरियम आणि गंधकाचा भाग तेवढा ठेवावा.

अभ्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा, चकाकणारा, नखाने सुटणारा पापुद्रा येतो. ते मस्कोव्हाइट. त्याच्या जोडीला काळसर तपकिरी बायोटाइट आणि मधाच्या रंगाचं फ्लोगोपाइट, ही तीन अभ्रकं बहुतेकांनी पाहिलेली असतात. आतली रचना सगळ्यांची एकसारखी. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौमुखी गटांची एक जाळी, तिच्याकडे तोंड करून तशीच दुसरी जाळी आणि दोन्हींच्या मध्ये अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा लोहाचे अणू. असे थर एकावर एक रचले जातात. थरांच्या पृष्ठभागावर षटकोनी खळगे असतात आणि त्यांत, दोन पाट्यांच्या मध्ये गोट्या ठेवाव्यात तसे, पोटॅशियमचे आयन बसलेले असतात. या आयनांसकट एका थराची जाडी सुमारे एक नॅनोमीटर भरते. पोटॅशियमवर एकच धन भार असतो, त्यामुळे थरांना धरून ठेवणारी पकड सैल राहते. पापुद्रा सहज सुटतो आणि वाकवला तरी पुन्हा सरळ होतो, तो त्यामुळेच.

आता पोटॅशियम काढून त्या जागी बेरियम बसवलं तर काय होईल? आकाराचा प्रश्न येत नाही. अभ्रकातल्या त्या खळग्यात पोटॅशियमच्या आयनाची त्रिज्या १.६४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) धरतात आणि बेरियमची १.६१, म्हणजे फरक नावालाच. पण बेरियमवर दोन धन भार आहेत. थर एकमेकांना घट्ट धरतात, पापुद्रा जास्त कठीण होतो आणि वाकवायला गेलं की लवचीकपणे वळण्याऐवजी तुटतो. असा दुहेरी भाराचा आयन मध्ये असलेल्या अभ्रकांना ठिसूळ अभ्रकं म्हणतात. त्यांतली मार्गाराइट आणि क्लिंटोनाइट ही त्यातल्या त्यात ओळखीची, त्यांत कॅल्शियम असतं. बेरियमची मात्र विरळ. जपानच्या इवाते प्रांतातल्या नोदा-तामागावा खाणीतलं किनोशितालाइट, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रोकन हिल खाणीतलं त्याचं लोहयुक्त भावंड आणि श्रीलंकेचं आनंदाइट, अशी ती मोजकी मंडळी.

इथे विद्युतभाराचा हिशेब येतो. तो मला सगळ्यात जास्त आवडतो. स्फटिकात धन आणि ऋण भारांची बेरीज शून्यच व्हावी लागते, त्यात तडजोड नाही. पोटॅशियमच्या जागी बेरियम आलं की एक धन भार वाढला. तो कुठेतरी फेडायला हवा. किनोशितालाइट तो सरळ मार्गाने फेडतं. नेहमीच्या अभ्रकात जाळीतल्या सिलिकॉनच्या चार जागांपैकी एकीत आधीच अॅल्युमिनियम असतं. आणखी एक सिलिकॉन काढून तिथेही अॅल्युमिनियम बसवलं, चाराच्या जागी तीन धन भार आले, हिशेब जुळला. निसर्गात बेरियम जिथे जिथे पोटॅशियमची जागा घेतं तिथे बहुधा असंच घडतं. फेल्डस्पार या खडकांत सर्रास आढळणाऱ्या खनिजातसुद्धा हीच वाट.

आनंदाइटने वेगळी वाट धरली आहे. प्रत्येक अभ्रकात मधल्या अणूंना लागून हायड्रॉक्सिलच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या, दोन जागा असतात. हायड्रॉक्सिलवर एक ऋण भार. कधी तिथे फ्लोरिन येतं, कधी थोडं क्लोरिन, पण त्यांच्यावरही एकच ऋण भार असल्यामुळे हिशेबात काही बदलत नाही. आनंदाइटमध्ये या दोन जागांपैकी एका जागी गंधक बसलेलं आहे. गंधकाच्या आयनावर दोन ऋण भार. बेरियमने जो एक जादा धन भार आणला, तो गंधकाने फेडला! सिलिकॉनच्या जाळीत फारशी मोडतोड करावीच लागली नाही. चारपैकी तीन जागी सिलिकॉन तसंच राहिलं आणि चौथ्या जागी जे आलं तेही नेहमीचं अॅल्युमिनियम नव्हे, तिथे तीन धन भारांचं लोह येऊन बसलं.

आदर्श सूत्र शब्दांत मांडायचं तर असं: बेरियमचा एक अणू, दोन धन भारांच्या लोहाचे तीन, सिलिकॉनचे तीन, तीन धन भारांच्या लोहाचा एक, ऑक्सिजनचे दहा, गंधकाचा एक आणि हायड्रॉक्सिलची एक जोडी. कागद-पेन्सिल घेऊन भारांची बेरीज करून पाहावी. धन तेवीस, ऋण तेवीस. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे करता येईल आणि माझा अनुभव असा की एकदा हे गणित स्वतः केलं की खनिज कायमचं लक्षात राहतं. प्रत्यक्षातल्या स्फटिकात थोडं पोटॅशियम, थोडं मॅग्नेशियम, थोडं अॅल्युमिनियम मिसळलेलं असतंच. निसर्ग आदर्श सूत्र तंतोतंत पाळत नाही.

सिलिकेट खनिजात, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या गटांवर उभ्या असलेल्या खनिजात, गंधक ही गोष्ट किती विरळ आहे, हेही सांगायला हवं. गंधक सहसा धातूंशी थेट जोडी जमवतं आणि पायराइट, चाल्कोपायराइट अशी सल्फाइडं करतं. नाहीतर ऑक्सिजनबरोबर जाऊन बॅराइट, जिप्सम यांसारखी सल्फेटं. सिलिकेटच्या घरात त्याला सहसा थारा मिळत नाही. गंधकाचा आयन हायड्रॉक्सिलपेक्षा बराच मोठा, त्याला सामावून घ्यायचं तर आजूबाजूच्या अणूंना सरकावं लागतं. काही सिलिकेटं त्याला जागा देतात, लाजवर्दाचा निळा रंग गंधकामुळेच असतो. पण अभ्रकाच्या रचनेत गंधक हा आवश्यक घटक असणं, ही आनंदाइटची खासियत. म्हणून स्फटिकशास्त्राच्या लोकांनी या काळ्या कपच्यांवर पुन्हा पुन्हा काम केलं आहे. त्याचे थर दोन तऱ्हांनी रचलेले आढळतात. एक रचना एकनताक्ष, म्हणजे एक अक्ष कललेली, दुसरी समचतुर्भुजी, म्हणजे तिन्ही अक्ष एकमेकांशी काटकोनात असलेली. दोन्हींत दर दोन थरांनी क्रम पुन्हा येतो.

वजनाकडेही बघावं. मस्कोव्हाइटची घनता २.८ च्या आसपास, बायोटाइटची ३ च्या. आनंदाइटची ३.९४. आदर्श सूत्रावरून हिशेब केला तर वजनाचा पाचवा हिस्सा बेरियमचा निघतो आणि तिसरा हिस्सा लोहाचा. अभ्रकाला आपण हलकं समजतो, पण हे अभ्रक जवळजवळ माणकाच्या कुरुंदाइतकं जड आहे.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं त्याच्या आधी हाताला कळलं होतं. एक संशोधक बाहेरून आमच्या विभागात काम करायला आले होते. त्यांनी कापसात गुंडाळलेला एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, जपून. दुसरा तुकडा नाही." सुपारीएवढा असेल. मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजात काळाच पट्टा. पहिल्या नजरेत दोन्ही सारखेच दिसले. तुकडा दिव्याखाली थोडा तिरपा धरला तेव्हा पट्ट्याचा सगळा भाग एकदम काचेसारखा चमकला आणि मॅग्नेटाइट मात्र मंद धातूच्या रंगाचं राहिलं. चमक एकाच कोनात येते, म्हणजे पदर एकाच दिशेने लागलेले. अभ्रक ओळखायला एवढं पुरतं.

अभ्रकाचा छेद काढणं हे छेद काढणाऱ्याची परीक्षा पाहणारं काम. खडक हिऱ्याच्या पात्याच्या करवतीवर कापायचा, एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासून गुळगुळीत करायची, ती काचेला चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायचं. अभ्रकाचे पदर जर काचेला समांतर लागले तर घासताना पाणी पदरांत शिरतं आणि शेवटच्या टप्प्यात, ऐन मोक्याला, पापुद्रा सुटून भुकटीबरोबर वाहून जातो. म्हणून तुकडा आधी रेझिनमध्ये भिजवून घट्ट करायचा आणि पदरांना आडवा कापायचा. आनंदाइटच्या बाबतीत माझ्या लक्षात आलं की त्याचे पदर बायोटाइटसारखे सोलून निघत नव्हते, कडेने कपचे उडत होते. सुईच्या टोकाने एक कपचा दाबला तर तो वळला नाही, कट्कन मोडला. ठिसूळ अभ्रक म्हणजे काय हे मला त्या सुईने शिकवलं.

जाडी बरोबर आली की नाही हे आम्ही शेजारच्या क्वार्ट्झच्या रंगावरून ठरवतो. क्वार्ट्झ पांढुरका राखाडी दिसला की थांबायचं. या तुकड्यात क्वार्ट्झ नव्हतं, त्यामुळे शेजारी बॅराइटचा एक कण शोधून त्याच्या अंदाजाने थांबले. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीचं बायोटाइट फिरवलं की गव्हाळ पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंग पालटतं, फार देखणं दिसतं. आनंदाइट एवढं पातळ होऊनही काळपटच राहिलं. फक्त अगदी झिजलेल्या कडांवर हिरवट आणि तपकिरी छटा दिसल्या. त्याचा अपवर्तनांक १.८५ च्या आसपास आहे, मस्कोव्हाइटचा १.६ पर्यंत. म्हणून त्याच्या कणांची किनार काचेवर उठून आल्यासारखी दिसते. उरलेल्या चुऱ्यातून शुद्ध कपचे वेचायचे होते, तेव्हा चुंबक कागदात गुंडाळून त्यावरून फिरवला. मॅग्नेटाइट कागदाला चिकटून वर आलं, काळे चकाकते कपचे बशीत राहिले. चुंबक कागदात गुंडाळायला विसरलं की तो साफ करता करता दिवस जातो, हे या कामातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता ते सापडतं कुठे, ते सांगते. श्रीलंकेच्या वायव्य प्रांतात विलगेदरा इथे लोहखनिजाचा साठा आहे. तिथल्या मॅग्नेटाइटमध्ये आनंदाइट पट्ट्यांच्या आणि भिंगाच्या आकाराच्या तुकड्यांच्या रूपात आढळलं. सोबत पायराइट, पायरोटाइट, चाल्कोपायराइट आणि बॅराइट. या सोबत्यांची यादी नुसती वाचून सोडू नये. बॅराइट सांगतं की तिथे बेरियम मुबलक होतं. सल्फाइडं सांगतात की गंधक होतं. मॅग्नेटाइट सांगतं की लोह होतं आणि तेही दोन्ही भारांचं, दोनचं आणि तीनचं. आनंदाइटला लागणारं सगळं सामान शेजारीच होतं. शिवाय बॅराइटमधलं गंधक ऑक्सिजनने वेढलेलं, तर आनंदाइटमधलं आणि सल्फाइडांमधलं गंधक ऋण भाराचं. एकाच साठ्यात गंधकाच्या या दोन अवस्था शेजारी शेजारी नांदतात, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण तिथे बऱ्याच काटेकोर मर्यादेत राहिलेलं असणार. ही परिस्थिती सहसा जुळून येत नाही, म्हणून हे खनिज दुर्मीळ. श्रीलंकेचे बहुतेक खडक सुमारे ५५ ते ६० कोटी वर्षांपूर्वी खोल कवचात प्रचंड उष्णतेत आणि दाबात बदललेले आहेत. त्या भट्टीतून तिथे ग्राफाइट, फ्लोगोपाइट, माणिक, नीलम अशी किती तरी खनिजं तयार झाली.

विलगेदराच्या खनिजाचं वर्णन पट्टियारच्ची, सारी आणि साहामा या तिघांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं. साहामा हे हेलसिंकीचे, भूरसायनशास्त्रातलं मोठं नाव. नाव कुमारस्वामींचं दिलं, कारण तेव्हाच्या सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे ते पहिले संचालक होते. आपल्या लेखात त्या काळाबद्दल एवढंच आहे की त्यांनी सुरुवातीला काही दिवस खाणखात्यात नोकरी केली. मला हे वाक्य चुकीच्या चित्रापेक्षाही जास्त लागलं.

कुमारस्वामींचा जन्म कोलंबोचा, १८७७ चा. शिक्षण इंग्लंडमध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली. १९०० मध्ये सिलोनचे खडक आणि ग्राफाइट, १९०२ मध्ये तिथले स्फटिकी चुनखडक, असे त्यांचे निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आले. १९०३ ते १९०६ ते सर्वेक्षणाचे प्रमुख होते आणि १९०६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ज्यांना आपण कलेचे भाष्यकार म्हणून ओळखतो त्यांची डॉक्टरेट विज्ञानातली आहे! हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आणि थोरियानाइट? बालांगोडाच्या भागातल्या रत्नांच्या वाळूत जड, काळे, घनाकृती कण सापडले. १९०४ मध्ये कुमारस्वामींनी त्यांची नोंद युरेनिनाइट म्हणून केली. पुढे रसायनशास्त्रज्ञ डन्स्टन यांनी तपासून दाखवलं की ते वेगळं, थोरियमचं नवं खनिज आहे, त्याला थोरियानाइट हे नाव मिळालं. लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत आलेला एक तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ, ऑटो हान, याच सिलोनच्या खनिजातून रेडियम वेगळं काढायला बसला आणि १९०५ मध्ये त्याला त्यात रेडिओथोरियम हे नवं किरणोत्सारी द्रव्य सापडलं. ती प्रयोगशाळा युनिव्हर्सिटी कॉलेजातलीच, म्हणजे जिथे कुमारस्वामी शिकले तिथलीच. बालांगोडाच्या वाळूतून हानच्या कारकिर्दीची सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही. ही 'काही दिवसांची खाणखात्यातली नोकरी' नाही.

सर्वेक्षणासाठी ते बेटावर गावोगाव फिरले आणि त्याच फिरतीत त्यांनी कारागीर पाहिले. हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण कुमारस्वामींच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडण्याची आपल्याकडे सवय आहे, आधी विज्ञान आणि मग कला. असे तुकडे पडत नाहीत. सिलोनमध्ये गावठी भट्टीत लोखंड गाळणारे आणि मुशीत पोलाद करणारे कारागीर तेव्हा हातावर मोजण्याइतकेच उरले होते. त्यांचं काम कुमारस्वामींनी प्रत्यक्ष पाहून टिपलं. धातुक कोणता, भट्टी कशी, भाता कसा, हे सगळं नोंदवायला भूशास्त्र जाणणाराच माणूस लागतो. ओतीव मूर्ती बघणाऱ्याला धातू कळला पाहिजे आणि धातू बघणाऱ्याला तो करणारा हात दिसला पाहिजे. त्यांच्यात हे दोन्ही एकत्र होतं. सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ मध्ये निघाला, म्हणजे सर्वेक्षण सोडल्यावर दोनच वर्षांनी. त्यातली सामग्री त्यांनी कधी गोळा केली हे उघड आहे. १९१७ मध्ये ते बोस्टनच्या कलासंग्रहालयात गेले, तो भाग आपल्या लेखात उत्तम आलाच आहे.

त्या नोंदींचं मोल पुढे आणखी वाढलं. श्रीलंकेतल्या समनलवेव परिसरात उत्खनन करून पुरातत्त्वज्ञ गिल जुलेफ यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की हजारएक वर्षांपूर्वी तिथले लोक डोंगरकड्यावर, पावसाळी वाऱ्याच्या झोतावर भट्ट्या चालवून लोखंड गाळत होते. भात्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर! ज्या बेटाला लोखंडाची एवढी जुनी परंपरा आहे, तिथल्या लोहखनिजाच्या साठ्यात सापडलेल्या अभ्रकाला त्या परंपरेची अखेरची माणसं टिपून ठेवणाऱ्याचं नाव मिळालं. नाव देणाऱ्यांनी ते संचालकपदासाठी दिलं हे मला माहीत आहे. मला मात्र ते लोखंडासाठीही शोभतं असं वाटतं.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. खनिजाबद्दल लिहिताना 'रत्न' म्हटलं की वाचक थांबेल आणि 'अभ्रक' म्हटलं की पान उलटेल, अशी धास्ती लेखकांना वाटते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. विभागात शाळेची मुलं यायची तेव्हा मी त्यांना आधी नीलम दाखवत नसे. बायोटाइटचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना स्वतःच्या हाताने चकती फिरवायला देत असे. रंग पालटला की एकही मूल नळीवरचा डोळा काढायला तयार नसे, मागच्यांना ढकलाढकली करावी लागे. आपले वाचक त्या मुलांपेक्षा कमी उत्सुक आहेत असं मला वाटत नाही. बेरियमचा जादा भार गंधकाने फेडला, ही गोष्ट नीट सांगितली तर तेही वाचतील.

म्हणून दुरुस्तीबरोबर माझी दुसरी विनंती. कुमारस्वामींच्या १९०३ ते १९०६ या वर्षांवर स्वतंत्र लेख छापावा आणि तो भूशास्त्राच्या माणसाकडून लिहून घ्यावा. सेरेंडिबाइट, थोरियानाइट, ग्राफाइटवरचं काम आणि लोखंड गाळणाऱ्यांच्या नोंदी, एवढ्या सामग्रीवर पुरवणीचं अख्खं पान सहज भरेल. लेखात खनिजांचे फोटो घेतले तर प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवायला सांगावं आणि खाली खनिजाचं नाव, ठिकाण आणि कुठल्या संग्रहातलं आहे ते छापावं. पातळ छेदांचे फोटो हवे असल्यास कोणत्याही विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे मागितले तर ते आनंदाने देतील. छापण्याआधी कुणी खनिजांची नावं आणि सूत्रं तपासून घ्यावीत असं आपल्याला वाटलं, तर ते काम मी करून देईन.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक
(भूशास्त्र विभागातून निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक)